केसाएवढी फट

किक मारून मारून पोटरीत गोळा आला, तरी गाडी ढिम्म.

"चोक ओढा, चोक!" वरच्या गॅलरीतून पेन्शनर आजोबांनी फर्मावलं. आत्ताच रक्त काढून घेतलेला हात मुडपून, कोपरात कापसाचा बोळा दाबून ते कठड्याला टेकले होते. सुई टोचताना डोळे घट्ट मिटून देवाचा धावा करणारा हाच का तो माणूस, असं वाटावं इतका आता त्यांचा आवाज खणखणीत लागला होता.

"चोक गार गाडीला असतो, आजोबा. ही तापलीये."

"मग प्लग काळा पडला असेल."

"प्लग नवा आहे."

"मग पेट्रोलमध्ये कचरा! लिहून घ्या माझ्याकडून."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची तिला आता सवय झाली होती. गाडी जिथे जिथे अडली, तिथे तिथे एक तरी उंट हजर होता, आणि प्रत्येक उंटाच्या मते शेळी वेगळीच होती.

तिने पुन्हा पाय ठेवला. या वेळी जोरात न मारता किक नुसती हळूहळू दाबून पाहिली. सकाळी घरून निघताना हीच किक पायाला घट्ट लागली होती, आतून कोणी धरून ठेवल्यासारखी. आता पाय सरळ खाली गेला. आत काही धरतच नव्हतं. बोटाखाली शीर लागावी आणि सुई टेकवायच्या आत निसटावी, तसं तिला वाटलं. पण त्यावर विचार करत बसायला वेळ कुठे होता! मागच्या सीटवर बांधलेल्या निळ्या पेटीत बर्फ वितळत होता, आणि बर्फात सकाळपासून गोळा केलेल्या रक्ताच्या नळ्या होत्या.

काम म्हटलं तर सोपं होतं. ज्यांना लॅबपर्यंत यायला जमत नाही, अशांच्या घरी सकाळी जायचं, रक्त काढायचं, पुढचं घर गाठायचं, आणि मशीन सुरू व्हायच्या आत पेटी लॅबमध्ये पोहोचवायची. प्रत्येक घरी थांबायचं ते जेमतेम चहा निवेल एवढाच वेळ. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. गाडी सकाळी पहिल्या किकेला चालू व्हायची, रस्त्याला लागली की शहाण्यासारखी पळायची. पण तापलेली असताना बंद केली, की पार गार होईपर्यंत हूं की चूं करायची नाही. मग त्या त्या घरातल्या माणसांनी तिला खुर्ची द्यायची आणि आपल्या गुडघ्यांची कहाणी सांगायची. कोणाची सून कशी वागते हे तिला एव्हाना अख्ख्या भागातलं पाठ झालं होतं. हल्ली तर ती घरं पत्त्याप्रमाणे घेतच नव्हती, उताराप्रमाणे घेत होती. उतारावरचं घर असलं की गाडी ढकलून गिअर टाकता यायचा, आणि नशीब असलं तर ती चालू व्हायची. पेन्शनर आजोबांचं घर सपाटीवर होतं.

गाडी गार झाली तेव्हा आजोबा आतून तिच्यासाठी दुसरा चहा घेऊन आले होते. "म्हटलं नव्हतं मी," ते म्हणाले, "थोडं थांबा म्हणून?" असं ते अजिबात म्हणाले नव्हते. पण चहा चांगला होता, म्हणून तिने मान डोलावली.

लॅबमध्ये मशीन सुरू झालेलं होतं.

मॅडमनी पेटी उघडून बर्फाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग तिच्याकडे. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं.

"रक्त तू छान काढतेस. 'त्याच बाईंना पाठवा' असे फोन येतात मला. पण हे असं रोज कसं चालेल गं?"

"गाडीचं काम करून घेते, मॅडम."

"हे तू मागच्या आठवड्यात पण म्हणालीस. उद्या शेवटचं बघते. उद्याही उशीर झाला तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. वाईट वाटेल मला, पण बघेन."

"उद्या नाही होणार उशीर," ती म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

नवरा आजारात गेला त्याला वर्ष उलटलं होतं. त्यातले कितीतरी महिने ती घराच्या एका खिडकीपाशी बसून होती. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या घराची भिंत होती. लग्नाआधी शिकलेलं रक्त काढण्याचं काम एक दिवस तिला आठवलं, आणि पहिल्याच पेशंटची शीर पहिल्याच टोचणीत सापडली, तेव्हा त्या म्हातारीने "झालं पण?" असं विचारलं होतं. त्या दोन शब्दांवर ती आठवडाभर जगली होती. ही नोकरी गेली तर परत ती खिडकी, परत ती भिंत. तिला त्या खिडकीची भीती वाटायची, अगदी अंधारात मुलांना वाटते तशी.

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं. गॅरेजवाला नवऱ्याचा जुना दोस्त. त्याने स्वतःच पाटीवर 'एक्सपर्ट' लिहून घेतलं होतं, तेव्हापासून लोक त्याला एक्सपर्टच म्हणत, म्हणताना थोडं हसत. प्लग त्यानेच बदलला होता. मग कॉइल बदलली. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण हवा आत घेत नसेल म्हणून त्याला भोक पाडलं. त्या भोकातून आता पेट्रोलचा वास यायचा, बाकी फरक शून्य.

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय, भाऊजी," ती म्हणाली.

"वहिनी, मी काय करू सांगा! करंट आहे, पेट्रोल आहे, हवा आहे. आणखी काय पाहिजे तिला, पाळणा?" एक्सपर्टने गार झालेली गाडी एका किकेत चालू केली आणि इंजिनाला कान लावला. "ऐका, ऐका. या वयाची गाडी आणि काही आवाज आहे? मांजरासारखी चालते. आमच्या दोस्ताच्या वेळी तरी केवढी टकटक करायची! सगळ्या गल्लीला कळायचं साहेब आले म्हणून. आता बघा, कशी शहाणी झालीये."

"गोगलगाय आणि पोटात पाय."

एक्सपर्ट हसला, मग गंभीर झाला. हाताचं तेल फडक्याला पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "राग मानू नका. एक गिऱ्हाईक आहे. जुन्या गाड्या गोळा करतो, चमकवून ठेवतो. उद्या दुपारी इकडेच येणार आहे. दाखवू का त्याला? घरात बाबांशी बोला, आणि सांगा."

गाडी नवऱ्याने घेतली तेव्हाच जुनी होती. नवरा गेला, ती राहिली. त्यानेच एका रिकाम्या मैदानावर तिला ती चालवायला शिकवली होती. मागे बसून तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा आणि प्रत्येक वळणावर ओरडायचा, "मेलो, मेलो!" त्या मैदानाची आठवण आली की तिला अजून आधी हसू यायचं.

"सांगते," ती म्हणाली.

घराशी येऊन तिने गाडी बंद केली. दार बंद होतं. तिने आपल्या किल्लीने उघडलं.

हे दार सासऱ्यांनी स्वतः केलेलं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, त्यात तेव्हा तरुण आणि नवं लग्न झालेलं. ऐन उन्हाळ्यात त्यांनी ते दार चौकटीत असं बसवलं, की मध्ये कागद सरकायची टाप नव्हती. माणसं बघायला येत म्हणे. आणि पावसाळा लागला तसं लाकूड फुगलं, दार चौकटीत अडकलं ते अडकलंच. तरुण सासरे आणि त्यांची नवी नवरी मागच्या खिडकीतून ये-जा करायला लागले. सासूबाई जिवंत होत्या तोवर प्रत्येक पाहुण्याला हे सांगायच्या: "सुताराच्या घरात दिलं मला, आणि खिडकीतून उड्या मारायला लावलं!" शेवटी सासऱ्यांनी दार उतरवून रंधा मारला. तेव्हापासून दाराला वर एक बारीक फट होती, आणि सकाळी त्यातून उन्हाची एक रेघ आत यायची. त्या फटीला हात लावायची मग कोणाची हिंमत झाली नाही.

मागच्या खोलीतून रंध्याचा आवाज येत होता. हल्ली हात थरथरायचे म्हणून सासरे मोठी कामं घेत नसत. पाट, स्टूल, कोणाच्या खुर्चीचा पाय, असलं काही करत बसत.

ती दारात उभी राहिली. "बाबा, उद्या वेळेत पोहोचले नाही तर नोकरी गेली."

रंधा थांबला नाही. "गाडी परत अडली?"

"हो."

"मग विकून टाक."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. एक्सपर्टने आधीच कानावर घातलं होतं की काय? "त्याची गाडी आहे ती, बाबा."

"म्हणूनच म्हणतो." रंध्यातून एक लांब कुरळा काप निघाला आणि जमिनीवर पडला. "लोखंड ते. माणूस नाही राहिला तिथं लोखंड ठेवून काय करायचं?"

"मी चालवते ना ती! रोज चालवते. तीन वेळा प्लग पुसते, ढकलत नेते, अर्धी गल्ली मला हसते, तरी चालवते. माझी पण आहे ती." आवाज चढल्याचं तिच्या लक्षात आलं. या घरात आवाज चढायची पद्धत नव्हती. ती भिंतीला टेकून खाली बसली. "काय होतंय तेच कळत नाही. करंट आहे म्हणे, पेट्रोल आहे. पण तापल्यावर किक पोकळ जाते, बाबा. पायाला काही लागतच नाही. सकाळी गार असताना कशी घट्ट असते. मग गार झाली की परत घट्ट."

रंधा थांबला.

"काय म्हणालीस?"

"पोकळ जाते. तापली की."

"आणि गार असताना घट्ट."

"हो."

सासऱ्यांनी रंधा बाजूला ठेवला. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं की ते तिच्याकडे बघतच नाहीयेत. त्यांची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे, पुढच्या दारावर होती.

"एक्सपर्टकडून पत्ती आण," ते म्हणाले. "जाडी बघायची पातळ पत्ती असते त्याच्याकडे. त्यातली सगळ्यात बारीक. आणि दहाचा पाना."

"आत्ता?"

"आणून ठेव. काम सकाळी. गार असताना करायचं असतं ते." आणि ते परत रंध्याकडे वळले, पण रंधा काही चालला नाही.

रात्री त्यांनी जेवण अर्धं ठेवलं. बोलायचं नाही हे त्या दोघांना छान जमायचं; वर्षभरात त्यांनी त्याचा चांगला सराव केला होता.

सकाळी ती अंगणात आली तेव्हा सासरे आधीच गाडीजवळ पाटावर बसले होते. पाट बहुतेक त्यांनी रात्रीच पुरा केला असावा, कारण पॉलिश अजून बाकी होतं. इंजिनाच्या डोक्यावरची दोन गोल झाकणं उघडून फडक्यावर ठेवलेली होती.

"बाबा, हे तुम्हाला कसं येतं?"

"दर दोन-चार महिन्यांनी रविवारी बसायचा तो. मी बॅटरीचा उजेड धरायचो." त्यांनी आत बोट दाखवलं. "ही झडप. ही दाबणारी दांडी. दोघांत केसाएवढी फट ठेवायची. ती फट असते म्हणून गाडी टकटक वाजते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं आणि फट भरून निघते. फटच नसली, तर फुगायला जागा कुठे? मग झडप पुरती मिटत नाही. उघडी राहते, आतली हवा निसटते. म्हणून किक पोकळ."

"म्हणजे आपल्या दारासारखं."

"दारासारखं." त्यांनी पत्ती दांडीखाली सरकवायचा प्रयत्न केला. सगळ्यात बारीक पत्ती, पण ती गेली नाही. "बघ. कागद जाणार नाही. कसं बसवलंय!"

"कोणी बसवलं?"

तिला प्रश्न विचारता विचारताच उत्तर कळलं होतं. नोकरी लागली त्या आठवड्यात सासरे म्हणाले होते, गाडीचं तेल मी बदलून देतो. किती बरं वाटलं होतं तिला! गाडी वाजायची थांबली होती, तेव्हापासूनच.

"मी," सासरे म्हणाले. "तो आवाज ऐकवत नव्हता."

तिला तो पहिला दिवस आठवला. नोकरीचा पहिला दिवस, पहिला पेशंट, "झालं पण?" तिने टकटक करत गल्लीत गाडी घातली होती आणि कधी एकदा घरी सांगते असं झालं होतं. गाडी बंद करायच्या आत दार उघडलं होतं. मुलगा लहानपणी शाळेतून यायला लागल्यापासूनची सासऱ्यांची ती सवय: चाहूल लागली की उठायचं, कडी काढायची आणि म्हणायचं, "आले का साहेब?" त्या दिवशीही दार उघडलं, आणि दारात सासरे हसत उभे होते. कितीतरी दिवसांनी हसत होते. "आले का सा..." मग त्यांना ती दिसली होती. तो चेहरा कसा उतरत गेला ते तिने पाहिलं होतं, आणि पेशंटची गोष्ट तिने त्या दिवशी कोणालाच सांगितली नव्हती.

"रोज उठायचो मी," सासरे म्हणाले. "डोक्याला कळायचं गं, तो नाही. पायांना कळायचं नाही. तिकडे टकटक झाली की इकडे हे उठलेच." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणाची तरी द्वाड पोरं आहेत. "म्हटलं, आवाजच बंद करू. तुझं असं नुकसान होईल हे ध्यानात नाही आलं. सुतार ना मी. फट दिसली की बुजवायची, एवढंच येतं."

तिला रडू आलं. रागही आला, महिनाभर ढकललेली गाडी, मॅडमची नजर, हसणारी गल्ली, सगळं एकदम आठवलं. पण त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं. वर्षभर एकाच घरात, भिंतीच्या दोन बाजूंना, दोघं एकाच माणसाची वाट बघत होती. तिने डोळे पुसले आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, नको असेल तर राहू दे. लॅबमध्ये सांगते मी. दुसरं काम बघेन. चालत जाता येईल असं."

"आणि मग?"

तिला ती खिडकी आणि समोरची भिंत आठवली.

सासऱ्यांनी पाना तिच्या हातात दिला. "माझा हात थरथरतो. तुझा हलका आहे, सगळे सांगतात. नट सैल कर. आता मधला स्क्रू, अगदी अलगद. मी पत्ती धरतो. ओढली की किंचित अडली पाहिजे, पण निघाली पाहिजे."

ते शीर शोधण्यासारखंच काम होतं. डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. तिने स्क्रू इतका हळू फिरवला, की फिरला की नाही तेही कळू नये. सासरे पत्ती मागेपुढे करत होते.

"अजून. अजून थोडं. थांब." पत्ती सरकली. "झालं."

"झालं पण?" ती म्हणाली, आणि एकदम हसायला लागली. सासऱ्यांना काय झालं ते कळलं नाही. तिने त्यांना त्या पहिल्या पेशंटची गोष्ट सांगितली. उशिरा का होईना, सांगितली. दुसरी झडप होईपर्यंत ती पुरली.

झाकणं लावून झाल्यावर सासरे उठले आणि दोन पावलं मागे सरले. तिने किक मारली.

टकटकटकटक. गल्लीभर. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. सासऱ्यांचा उजवा हात, कडी काढायला जातो तसा, अर्धवट वर आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो हात कमरेवर ठेवला, जणू आधीपासून तिथेच ठेवायचा होता.

"जा," ते म्हणाले. "उशीर नको करू."

पहिल्या घराबाहेर तिने गाडी बंद केली. इंजिनावर हात धरला तर चटका बसेल इतकं ते तापलं होतं. रक्त काढलं, नळीला चिठ्ठी लावली, बाहेर आली. पाय ठेवला आणि किक हळूच दाबून पाहिली.

घट्ट.

एका किकेत चालू. दुसऱ्या घराशीही. तिसऱ्या घरातली बाई तर खुर्ची घेऊनच बाहेर आली होती. "बसत नाहीस आज?" तिने विचारलं. सुनेविषयी बरंच काही साठलेलं दिसत होतं. पुढच्या रस्त्यावर पेन्शनर आजोबा गॅलरीत तयारच होते.

"कार्बोरेटर!" ते वरून ओरडले. "रात्रभर विचार केला मी. कार्बोरेटरच साफ..."

टकटकटकटक.

"आजोबा, झालं काम! येते मी!"

"अहो, पण ऐकून तर घ्या," म्हणत ते कितीतरी वेळ कठड्याशी उभे राहिले. त्यांचा हिरमोड झाल्याचं तिला आरशातून दिसलं.

लॅबमध्ये तिने पेटी टेबलावर ठेवली तेव्हा मशीनवरचं कापडही काढलेलं नव्हतं. मॅडम नाश्त्याचा डबा उघडत होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, बर्फ पाहिला, आणि डबा तिच्यापुढे सरकवला. "घे. आणि उद्यापासून नदीपलीकडची चार घरंही तुझ्याकडेच. जमतील ना?"

"जमतील."

दुपारी एक्सपर्टने तिचा आवाज, म्हणजे गाडीचा, लांबूनच ऐकला आणि हातातलं काम टाकून रस्त्यावर आला. तिने पत्ती परत दिली. त्याने पत्तीकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला, तेलाच्या पंजासकट.

"टॅपेटची फट! अरे देवा. आणि मी तिच्या शांतपणावर भाळलो! वहिनी, कोणाला सांगू नका."

"पाटी काढता का मग?"

"पाटीला रंग लावून फार दिवस नाही झाले हो." मग हळूच, "गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"गाडी घरची आहे म्हणावं."

गल्लीत वळताना मात्र तिने वेग कमी केला. भिंतींमधून टकटक जास्तच घुमत होती. ते तसेच उठतील, तिला वाटलं. तसंच दार उघडतील, तसाच चेहरा उतरेल. एक क्षण तिला वाटलं, गाडी इथेच बंद करावी आणि ढकलत न्यावी. ढकलायची तर सवय होतीच. हात किल्लीकडे गेलासुद्धा. पण पायाखाली इंजिन गरम होतं, जोरात होतं, आणि किती दिवसांनी तिचं ऐकत होतं. तिने हात परत मुठीवर ठेवला.

घराशी येऊन ती थांबली. इंजिन चालूच होतं. आतून कडी वाजली.

दार उघडलं. सासरे उंबऱ्यावर उभे होते. दाढी केलेली होती. त्यांनी तिच्या मागे, रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही. ओठ एकदा हलले, जुन्या सवयीने हलले असावेत. मग त्यांनी घसा साफ केला.

"आल्या का बाईसाहेब?"

"आले," ती म्हणाली.

तिने किल्ली फिरवली. गल्ली शांत झाली. काय वाटलं कोण जाणे, तिने पुन्हा किल्ली लावली आणि तापलेल्या गाडीला एक किक मारली. गाडी चालू झाली. तिने बंद केली, परत किक मारली, गाडी परत चालू झाली.

"पुरे आता," सासरे म्हणाले, "कळलं सगळ्या गल्लीला," आणि चहा टाकायला आत गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.